पहिला अशील

कोर्टाला दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वीच्या आठवड्यात तालुक्याच्या वकिलाकडे दोन तऱ्हेची माणसे येतात. ज्यांचे काम सुट्टीआधी व्हायचे होते आणि झाले नाही, ती एक. आणि नुकतीच सनद हाती पडलेली मुले पेढ्यांचा पुडा घेऊन येतात, ती दुसरी. पहिल्यांची समजूत कशी घालायची हे इतक्या वर्षांच्या सवयीने मला जमते. दुसऱ्यांपुढे मात्र मी अजून चाचरतो. गेल्या दिवाळीत भिवपुरीकडची एक मुलगी आली. बाप टमटम चालवतो. घरात पदवीधर होणारी ती पहिलीच. तिने पेढा दिला, पाया पडली आणि खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, "काका, माझ्या हातून पहिलंच काम बिघडलं तर?"

मी ठेवणीतले उत्तर काढले, "अगं, करता करता येतं सगळं."

"ते येईल हो," ती म्हणाली, "पण येईपर्यंत ज्याचं बिघडेल, त्याचं काय?"

पेढा तोंडात होता, ही एक सोय झाली. बोलता येत नाही असा चेहरा करून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न काही पेढ्याबरोबर गिळला गेला नाही.

कायद्याची पदवी घेतलेल्या मुलाने व्यवसायात पाय कसा टाकावा, यावर आमच्याकडे पुष्कळ बोलले जाते. कोणाच्या कचेरीत बसावे, किती वर्षे बसावे, बसण्याबद्दल काही मिळावे की नाही. हे सारे बोलणे विद्यार्थ्याच्या बाजूचे असते, आणि तसे ते असायलाही हवे. पण त्या मुलीने प्रश्न टेबलाच्या पलीकडून विचारला होता. महाविद्यालयाची फी बाप भरतो. त्यानंतरचे जे खरे शिक्षण, त्याची फी कोण भरतो? भरतो तो पहिला अशील, आणि आपण ती भरतो आहोत हे बिचाऱ्याच्या गावीही नसते.

आमच्यातली जुनी मंडळी या विषयावर हटकून पाण्याचा दाखला देतात. ढकलून द्यावे, हातपाय मारील, तरेल. मलाही असेच ढकलले होते. उल्हास नदीच्या काठची पोरे पोहायला शिकतात तेव्हा त्यांच्याही पाठीला आधी रिकामा डबा बांधलेला असतो, ही गोष्ट दाखला देणारे विसरतात. पण ते सोडून दिले तरी या दाखल्यात एक मोठी खोट आहे. नदीत ढकललेला पोरगा बुडाला तर तो स्वतः बुडतो. कोर्टात ढकललेला वकील सहसा बुडत नाही. तो ज्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा असतो, तो बुडतो.

मी हे ऐकीव सांगत नाही. मला सनद मिळून वर्ष व्हायचे होते. गौरी-गणपती नुकतेच उरकले होते. खालापूर तालुक्यातील एका वाडीवरची म्हातारी मुलाला घेऊन आली. ओढ्यापलीकडे तिचे दीड एकर भात. त्या भाताला जाणारी गाडीवाट एका मुंबईकर गृहस्थांनी विकत घेतलेल्या जमिनीतून जात होती. त्यांनी तारेचे कुंपण घातले, फाटक बसवले आणि फाटकाला कुलूप लावले. अशी फाटके पुढे कर्जत-खालापुरात इतकी झाली की आता कोणाला त्यांचे नवल वाटत नाही. त्या काळी वाटे. माझे वरिष्ठ अलिबागला जिल्हा न्यायालयात एका लांबलेल्या खटल्यात गुंतलेले होते. कचेरीची किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली होती, आणि किल्लीबरोबर अक्कलही मिळते अशी माझी समजूत होती.

मी म्हातारीला सगळे विचारले. वाट किती रुंद, बैलगाडी जाते का, नवऱ्याच्या वेळची वहिवाट आहे का, साक्षीला कोण येईल. सुखाधिकाराचा 1882 चा कायदा मला तोंडपाठ होता. वीस वर्षांची अखंड वहिवाट कशी शाबीत करायची, तूर्तातूर्त मनाई हुकूम मागताना कोणत्या तीन गोष्टी दाखवायच्या, हे परीक्षेत लिहून मी चांगले गुण मिळवले होते. म्हातारीने आपण होऊन सांगितले, "हनमान जयंतीला टाळं घातलं, दादा." ते मी दाव्याच्या पाचव्या परिच्छेदात सुबक अक्षरात लिहिलेही. पण त्या तारखेपासून काही मोजायचे असते, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते.

मामलेदार कोर्टाचा कायदा 1906 सालचा आहे. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी अडवला, तर त्याच्या कलम 5 प्रमाणे तहसीलदाराकडे दाद मागता येते. चौकशी थोडक्यात होते. अडथळा शाबीत झाला तर तो काढण्याचा हुकूम निघतो. दिवाणी दाव्याच्या मानाने हे काम लवकर आटोपते. अट एक आहे, की अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत यायला हवे. माझ्या तीन वर्षांच्या अभ्यासात या कायद्याचे नावही कधी कानावर पडले नव्हते. तहसील कचेरीबाहेर छत्रीखाली बसून अर्ज लिहिणाऱ्याला तो पाठ होता. पण म्हातारीच्या मुलाने आईला बजावले होते, की या वेळी अर्जवाल्याकडे नको, चांगला वकील गाठायचा!

चैत्री पौर्णिमेला घातलेल्या कुलपाचे सहा महिने कोजागिरीनंतर चार-सहा दिवसांनी भरत होते. म्हातारी आली तेव्हा सव्वा महिना हातात होता. तो मी चौदा पानांचा दावा लिहिण्यात घालवला. दाव्याखाली 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे' असे लिहून तिचा अंगठा घेतला. त्या चौदा पानांतले एक वाक्यही मी तिला वाचून दाखवले नव्हते. खऱ्याखोट्याची जबाबदारी तिची, आणि समजूत माझी!

धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी दावा दाखल झाला. त्या संध्याकाळी वरिष्ठ अलिबागहून परतले. त्यांनी दावा वाचला, अक्षराची तारीफ केली आणि पाचव्या परिच्छेदावर बोट ठेवून विचारले, "मामलेदाराकडे का नाही गेलास?"

"कसला मामलेदार?" मी म्हटले.

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला. "चार दिवस उशीर झाला रे," एवढेच म्हणाले. ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनाही बहुधा रागावण्याचा अधिकार वाटला नसावा. किल्ली देताना एकदा तरी विचारायला हवे होते की आज कोण आले, काय सांगत होते. ते त्यांनी विचारले नव्हते.

आणि त्याच दिवाळीत ती म्हातारी नव्या भाताचे पोहे घेऊन आली. गाडीवाट बंद, म्हणून भाताचे भारे डोक्यावर घेऊन ओढ्यातून वळसा घालून आणावे लागले होते. हे तिने तक्रार म्हणून सांगितले नाही. पोहे यंदा थोडे का, याचे कारण म्हणून सांगितले. "तुमी आमच्यासाठी येवढं लिवलंत, सायेब." मी पोहे घेतले. बोललो काही नाही. पुढेही ती दर दिवाळीला पोहे आणीत राहिली आणि मी ते घेत राहिलो.

वरिष्ठांनी मग जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली अर्ज करून तिला बांधावरून वाट मिळवून दिली. तिला दोन पावसाळे लागले, आणि वाट मिळाली ती लांबची, डोक्यावरच्या भाऱ्यापुरती. दिवाणी दावा नऊ वर्षे चालून तिच्या बाजूने झाला. तोवर जुन्या गाडीवाटेवर आंब्याची कलमे फळाला आली होती आणि म्हातारीच्या दावणीला बैल उरले नव्हते.

मोहनदास गांधी बॅरिस्टर होऊन मुंबईस आले तेव्हा लघुवाद न्यायालयात ममीबाई नावाच्या बाईचे काम त्यांच्याकडे आले होते. फी तीस रुपये. ते उलटतपासाला उभे राहिले, डोके गरगरू लागले, एक प्रश्न सुचेना, खाली बसले. काम आणणाऱ्याला त्यांनी सांगितले, की हे माझ्याने व्हायचे नाही, पटेलांना द्या आणि माझी फी परत घ्या. पटेलांनी एक्कावन्न रुपये घेऊन काम पार पाडले. आत्मकथेत हा प्रसंग फजितीचा म्हणून आला आहे. माझ्या मते त्यांच्या वकिलीतले ते पहिले चांगले काम होते. आपल्या शिकण्याचा खर्च ममीबाईवर पडू न देण्याइतके भान त्यांना भर कोर्टात, डोके गरगरत असताना राहिले. मी घरी बसून, शांत डोक्याने, सव्वा महिन्यात ते राखू शकलो नाही.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती आमचे कीर्तनकार सांगत नाहीत. तीस रुपये परत करायला ते आधी गरजेचे नसावे लागतात. गांधींच्या पाठीशी भाऊ उभा होता. मुंबईत जमेना तेव्हा ते राजकोटला गेले आणि तेथे अर्ज-विनंत्या लिहून महिना तीनशेपर्यंत मिळवू लागले. म्हणजे तेही आधी अर्ज लिहिणारेच झाले म्हणायचे. मला त्या छत्रीखालच्या माणसाची आठवण होते. पण ज्या मुलीचा बाप टमटम चालवतो, तिला कर्जतच्या खोलीचे भाडे द्यायचे असते. भुकेला कनिष्ठ वकील 'मला हे येत नाही' असे म्हणू शकत नाही. तो म्हणतो, 'होऊन जाईल.'

हा खर्च कोणाच्या माथी पडावा याविषयी आमच्या कायद्याने बरीच चाचपडत वाट काढली आहे. 1961 च्या ॲडव्होकेट कायद्यात पदवीनंतर प्रशिक्षण व परीक्षा यांची अट होती. 1973 मध्ये संसदेने ती काढून टाकली. 1995 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नियम करून एक वर्षाची उमेदवारी पुन्हा आणली. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, कारण संसदेने जे काढले ते कौन्सिलला नियमाच्या मागल्या दाराने आणता येणार नव्हते. मग पदवीधरांसाठी अखिल भारतीय परीक्षा आली, आणि 10 फेब्रुवारी 2023 रोजी घटनापीठाने ती वैध ठरवली. परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची आहे. ती वाईट नाही. पण म्हातारीच्या बोलण्यात चार पर्याय नव्हते. 'हनमान जयंतीला' एवढेच होते. महाविद्यालयात असताना मुलांनी तीन वर्षांच्या पाठ्यक्रमात बारा आणि पाच वर्षांच्या पाठ्यक्रमात वीस आठवडे प्रत्यक्ष कामाजवळ काढावेत असा नियम आहे. त्याचे दाखले लागतात. मुलगा दोनदा चहाला आला, या पुराव्यावर असे दाखले दिले जातात. मीही दिले आहेत, आणि सही करताना हात थरथरला नाही.

आता यातली एक गंमत पाहा. 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कनिष्ठ स्तराचा दिवाणी न्यायाधीश होऊ पाहणाऱ्याने आधी तीन वर्षे वकिली केलेली असावी. मोफत कायदेशीर मदतीच्या 2010 च्या नियमावलीप्रमाणे त्या यादीवर यायलाही वकिलाला तीन वर्षांचा अनुभव लागतो. 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती यांना मिळकत न पाहता ही मदत दिली आहे. म्हणजे माझी म्हातारी आज तालुका समितीकडे गेली तर तिला तीन वर्षे मुरलेला वकील फुकट मिळेल. आणि पाचशे रुपये घेऊन ती माझ्यासारख्याकडे आली, तर काल सनद मिळालेला मिळू शकेल. फुकटच्या वकिलाला अनुभव लागतो, विकतच्याला लागत नाही. डॉक्टर व्हायचे तर परीक्षेनंतर एक वर्ष रुग्णालयात दुसऱ्याच्या नजरेखाली काढावे लागते. हात चुकला तर अडवणारा हात जवळ असतो. शेताची वाट जाणे म्हणजे हात-पाय जाणे नव्हे, असे कोणी म्हणेल. त्याने भाताचा भारा डोक्यावर घेऊन ओढा उतरून पाहावा.

कोणी सुचवील, की अशिलाला खरे सांगून टाकावे. 'आजी, हे माझं पहिलंच काम आहे.' मीही बरीच वर्षे मानीत होतो की माझा अपराध न बोलण्याचा होता. आता मला तसे वाटत नाही. निदान तेवढाच होता असे वाटत नाही. समजा मी सांगितले असते. ती काय म्हणाली असती? 'बरं, दादा.' दुसरा वकील करण्याइतके पैसे तिच्याकडे नव्हते, आणि तीन मैल चालून, एस. टी. पकडून ती आली होती. ज्याला दुसरीकडे जाता येत नाही त्याची संमती घेण्यात माझे मन हलके झाले असते. तिची वाट उघडली नसती. खरे बोलून मी माझ्या डोक्यावरचा भारा तिच्या डोक्यावर ठेवला असता, आणि तिच्या डोक्यावर आधीच एक होता. खरे सांगायला हवे होते ते तिला नव्हे, वरिष्ठांना. आणि पहिल्याच दिवशी. अलिबागला टेलिफोन होता. मला कमीपणा वाटला.

कर्जत तालुक्यात वकिली शिकलेल्या माणसांत ज्याचे नाव आज रस्त्यांना आणि शाळांना आहे, ते भाई कोतवाल. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म 1 डिसेंबर 1912, माथेरानच्या एका नाभिक कुटुंबातला. कायद्याची पदवी घेतली, माथेरान नगरपालिकेत उपाध्यक्ष झाले, वाड्यावस्त्यांवर शाळा काढल्या आणि सावकाराच्या दारी जाणारा शेतकरी थांबावा म्हणून धान्यकोठी उभी केली. 1942 च्या लढ्यात विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे ते नायक होते. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडावर हिराजी पाटलांसह पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. सभांतून नव्या वकिलांना त्यांचा आदर्श सांगतात. सांगणाऱ्यांत मीही असतो. पण हौतात्म्य हा अभ्यासक्रम होऊ शकत नाही, आणि आदर्श फार उंच टांगला की त्याखालून निवांत ये-जा करता येते. मला त्यांच्यातली साधीच गोष्ट घ्यावीशी वाटते. शेतकऱ्याचे भात कोठे जाते, किती जाते, कोणत्या महिन्यात जाते, हे त्यांना वाडीवर जाऊन समजले होते. धान्यकोठी कलमातून सुचत नाही. मी त्या म्हातारीची वाट एकदा चाललो असतो, तर फाटकापाशी कोणी ना कोणी म्हणालेच असते, की मामलेदार येऊन बघून जाईल काय.

वरिष्ठ म्हणून मी स्वतः काय करतो, हे सांगणे आले. माझ्याकडे बसणाऱ्या मुलाचे नाव वकीलपत्रावर दोन वर्षे एकटे येत नाही. वर माझे असते. चूक झाली तर ती माझी, तिची भरपाई माझ्या खिशातून. अंगठा घेण्यापूर्वी दावा अशिलाला मोठ्याने वाचून दाखवायचा, त्याला समजेल अशा मराठीत. खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे ती याचसाठी. बहुतेक दावे या वाचनात चौदा पानांचे पाच होतात. बार रूममध्ये याला माझी 'पाठशाळा' म्हणतात. मिळकत घटते, हेही खरे. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिलने शिफारस केली की कनिष्ठाला शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार तरी द्यावे. ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि तालुक्याच्या कित्येक वरिष्ठांनाच महिन्याअखेर तेवढे सुटत नाहीत. मी पंधरा देऊ शकत नाही. जे देतो ते सांगायला संकोच वाटतो. एक चांगला मुलगा याच कारणाने पनवेलला निघून गेला, आणि त्याला दोष देण्याची माझी प्राज्ञा नाही. वकील संघटना, सरकार, मोठी फी घेणारे शहरातले ज्येष्ठ, यांच्यापैकी कोणीतरी या पंधरा हजारांत वाटा उचलला नाही, तर तो म्हाताऱ्यांकडून पोह्यांच्या रूपाने वसूल होत राहणार.

भिवपुरीची मुलगी माझ्याकडेच बसू लागली. यंदा ज्येष्ठात, पावसाच्या पहिल्या सरीला, म्हातारीचा मुलगा आला. त्याचेही केस पांढरे झाले आहेत. आई जाऊन बरीच वर्षे झाली. बांधाला लागून असलेली जमीन पुन्हा विकली गेली आणि नव्या मालकाने बांधावरच्या वाटेत खांब पुरायला घेतले आहेत, म्हणून आला होता. मुलगी शेजारी बसलेली. काय झाले कोण जाणे, मी त्याला सगळे सांगून टाकले. सव्वा महिना, चार दिवस, मामलेदार.

तो खिडकीबाहेर पाहत होता. म्हणाला, "अर्जवाला तेव्हाच बोलला होता आम्हाला, बाजारात भेटला तर. शिमग्याच्या आसपास."

"आणि आईला?"

"आईच होती ना संगट." मग थोडे थांबून म्हणाला, "मी म्हटलं होतं, वकील बदलू. आई बोलली, त्याला आता ठावं झालंय, दुसऱ्याला परत शिकवत बसायचं काय?"

मला काही बोलता येईना. तोंडात पेढाही नव्हता. तो मात्र कामाला आलेला माणूस होता. पिशवीतून सातबारा आणि जुन्या हुकमाची विरलेली नक्कल काढून त्याने टेबलावर ठेवली. "आता ही वाट तेवढी जाऊ देऊ नका," म्हणाला.

मुलीने वही उघडली. "पहिला खांब कधी पुरला, दादा?"

"वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी."

तिने भिंतीवरचे कॅलेंडर काढून मांडीवर घेतले आणि पाने उलटू लागली.